कविता आणि रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा लेखनकट्टा भरतो. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, फोनवर आणि कधी कधी पुस्तकात खोचलेल्या चिठ्ठीतून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ते एका जागी आणले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, नावं तेवढी काढली आहेत. उत्तरांत ठिकठिकाणी आमची मतं आहेत. ती पटली नाहीत तर कट्ट्यावर येऊन भांडावं, चहा आमच्याकडून.

१. नोकरी, घर, मुलांचे क्लास यातून मान वर करायला वेळ नाही. कविता लिहून मिळतं तरी काय?

पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्या दिवाळी अंकाचं मानधन आलंच, तर त्यात पेढे येतील, पंखा येणार नाही.

पण ‘वेळ असलेल्यांचा छंद’ ही कवितेची ओळख आपल्याकडे फार जुनी नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या ग्रंथात अशी नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे जवळपास नऊशे वर्षांपूर्वी ओवी होती ती उखळ-मुसळापाशी. पुढेही ती जात्यावर, पाळण्याशी, लग्नाच्या हळदीत राहिली. पुरुषांची मोटेवरची गाणी आणि कापणीच्या वेळची भलरी हीदेखील कामातलीच. यातल्या कुणालाच रिकामा वेळ नव्हता. हात कामात अडकलेले आणि तोंड मोकळं, एवढीच सोय होती.

त्या सोयीत त्यांनी काय केलं ते पाहा. सासूचा जाच, माहेरची वाट, भावानं न आणलेली चोळी, लेकीची काळजी हे सगळं पहाटेच्या अंधारात मोठ्यानं म्हटलं. तेच समोरासमोर बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं. ओवीत म्हटलं की ते गाणं होतं आणि गाण्याला जाब कोण विचारणार? शेजारघरी जात्यावर बसलेलीला मात्र सगळं ऐकू जायचं आणि तिला ते कळायचंही.

आज उपयोग विचाराल तर पहिला हाच आहे: जे सरळ बोलता येत नाही ते बोलण्याची वाट. दुसरा जरा कमी नाट्यमय आहे. लिहायची सवय लागली की माणूस बघायला लागतो. रोजच्याच एसटीत कंडक्टर सुटे पैसे कुठल्या बोटांत धरतो, हे तुम्हाला अचानक दिसायला लागतं. त्यानं पगार वाढत नाही, पण प्रवास कमी कंटाळवाणा होतो.

२. मी दहावीपर्यंतच शिकलेली आहे. शुद्धलेखनही कच्चं आहे. मला जमेल का?

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या या बाईंनी शेतात आणि घरात काम करता करता रचलेली गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या इतरांनी कागदावर उतरवली. १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपानं आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तेव्हा शिक्षणाचा मुद्दा निकालात निघाला.

शुद्धलेखन शेवटी तपासता येतं, कुणाकडून तपासूनही घेता येतं. लिहिता लिहिता ऱ्हस्व-दीर्घाशी भांडत बसलात तर दुसरी ओळ येणार नाही. लिहिणंच त्रासाचं वाटत असेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा आणि नंतर उतरवा.

३. सुरुवात कुठून करू? वही घेऊन बसले की डोक्यात काहीच येत नाही.

‘कविता लिहायला’ बसता म्हणून येत नाही. कविता म्हटलं की चंद्र, श्रावण, अबोल प्रीत असले शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात आणि त्यातलं काहीच तुमचं नसतं.

आठवडाभर कविता लिहूच नका. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी पाहिलेल्या, ऐकलेल्या तीन गोष्टी लिहा. मत नको, भावना नको. नुसती गोष्ट, तिच्या नावासकट. ‘झाड’ नको, ‘कवठ’. ‘भाजी’ नको, ‘करडई’. कुणी काही बोललं असेल तर त्याच शब्दांत. आठवड्यानं वही उघडली की एकवीसपैकी दोन-तीन नोंदी तुमच्याकडे टक लावून बघत असतात. तिथून सुरुवात.

फरक दाखवतो. कट्ट्यावर आईवरची कविता दर महिन्याला येते आणि बहुतेक वेळा तिची पहिली ओळ ‘आई म्हणजे मायेचा सागर’ अशी असते. ही ओळ कुणाच्याही आईला लागू पडते, म्हणजे कुणाच्याच नाही. आता हे बघा:

फोन मान वाकवून कानाशी,
हात पिठात,
‘जेवलास का’ विचारता विचारता
तव्यावरची करपली.

यात ‘माया’ हा शब्द नाही. गरजही पडली नाही.

४. यमक जुळलंच पाहिजे का?

नाही. मुक्तछंद ही मराठीत कधीच प्रस्थापित झालेली गोष्ट आहे. मात्र मुक्तछंद म्हणजे गद्याचे तुकडे करून एकाखाली एक मांडणं, असा समज असेल तर तो सोडा. ओळ जिथे तोडली तिथे श्वास थांबायला हवा. मोठ्यानं वाचून बघा. थांबावंसं वाटत नसेल तर ओळ चुकीच्या जागी तुटली आहे.

उलट बाजूनं, यमकासाठी अर्थाचा बळी देऊ नका. ‘मन’ला ‘क्षण’ जुळतो म्हणून क्षण आणायचा नसतो. पाठांतरासाठी आणि गाण्यासाठी मात्र यमक फार कामाचं आहे. उखाण्याला (प्रश्न ९) ते हवंच.

५. ओवी आणि अभंग यांचा हिशोब सोप्या भाषेत सांगाल का?

सांगतो. वृत्तांच्या नावांना घाबरणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण हे अक्षरछंद आहेत. लघु-गुरूची भानगड (प्रश्न ६) नाही, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एक अक्षर धरायचं. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो, पण मोजताना तो धरायचा. ‘बोट’ म्हणजे दोन अक्षरं.

अभंग दोन प्रकारचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक:

पहाटेला नळा पाणी
हंडाकळशीची गाणी

मोठ्या अभंगात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं:

रांगेत उभा मी
रेशनच्या दारी
यंत्र म्हणे सारी
बोटे खोटी

शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड आहे, तिथेच अभंगाची गंमत आहे. कान सहा अक्षरांची वाट बघतो आणि ओळ चारांत संपते. विटा-माती उचलून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले त्यांना अंगठ्याचं यंत्र ओळखत नाही, ही रेशन दुकानावरची नेहमीची तक्रार. ती सांगायला त्या आखूड चरणाइतकी चांगली जागा मिळाली नसती. अभंग म्हणजे फक्त देवाचं, असं मानू नका. सावता माळ्यांच्या अभंगात मळ्यातली भाजी आहे आणि सेना न्हाव्यांच्या अभंगात त्यांच्या व्यवसायातला आरसा.

ओवी जास्त मोकळी. ग्रंथांतल्या ओवीत साधारण साडेतीन चरण: पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि यमकाविना. ज्ञानेश्वरीत (१२९०) सुमारे नऊ हजार ओव्या या साच्यातल्या आहेत आणि अक्षरसंख्या त्यांत कडक नाही. आजच्या जगण्यातलं उदाहरण:

गर्दी लोकलची दाटली
मूठ दांड्याशी आवळली
खिडकी कुणी उघडली
वारा आला

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, म्हणणाऱ्या बाईच्या गळ्यावर बेतलेली. तिच्यात ‘बाई’, ‘सये’, ‘माझ्या’ असे शब्द सूर भरून काढायला सर्रास येतात:

सकाळचा डबा भरे, त्यात भाजी मेथीची
आठवण येते बाई, माहेरच्या शेतीची

मोजून लिहा, पण आधी म्हणून बघा. ओवी चालीत बसली आणि एक अक्षर जास्त झालं तर चाल खरी.

६. मात्रा मोजताना ‘तुझ्या’मधला ‘तु’ गुरू धरायचा का? पुढे जोडाक्षर आहे ना?

कट्ट्यावर सगळ्यात जास्त हाणामारी या प्रश्नावर होते. नियम असा: ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा, दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा, अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू. पुढे जोडाक्षर असेल तर आधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं, पण त्या जोडाक्षराचा आघात मागे येत असेल तरच. ‘सत्य’ म्हणताना जीभ ‘सत्’वर आदळते, म्हणून ‘स’ गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना तसं काही होत नाही. ‘तु’ हलकाच राहतो, म्हणून लघु. ‘उद्या’ आणि ‘विद्या’ एकामागे एक म्हणा. लिहिण्यात दोन्हीकडे ‘द्या’ आहे. तुमच्या उच्चारात आघात कुठे येतो ते कान सांगेल. पुस्तकाऐवजी त्याचं ऐका.

७. मी मालवणी बोलते (किंवा वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी). कविता प्रमाण मराठीतच लिहायची का?

ज्या भाषेत तुम्ही रागावता, तीत लिहा. बहिणाबाईंची (प्रश्न २) गाणी खानदेशातल्या बोलीत आहेत आणि महाराष्ट्रभर वाचली जातात.

एक सावधगिरी. बोली तुमची नसेल तर केवळ गंमत म्हणून किंवा गावंढळ पात्राला हसवण्यासाठी ती वापरू नका. त्या बोलीच्या माणसाला तुमची नक्कल दुसऱ्या शब्दाला कळते.

८. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. ‘सांग’ म्हटलं की तिला एकही आठवत नाही. काय करावं?

तिला खुर्चीत बसवून समोर मोबाइल धरलात ना? मग नाहीच आठवणार. या ओव्या हातांच्या हालचालीशी बांधलेल्या असतात. घरात जातं असेल तर मूठभर तांदूळ घेऊन तिच्यासोबत बसा. नसेल तर निवडण, लसूण सोलणं, वाती वळणं, असं काहीही चालेल. तिची बहीण, जाऊ किंवा जुनी शेजारीण सोबत असली तर आणखी बरं. एकीची ओवी संपली की दुसरीला आठवते. आणि ‘ओव्या म्हण’ ऐवजी ‘भावावरची कुठली होती गं?’ असं विचारा. भाऊ, लेक, पंढरी, सीता, पाऊस असे या ओव्यांचे विषय ठरलेले असतात, त्या नावानं हाक मारली की ओवी सापडते.

रेकॉर्ड करताना तिची परवानगी घ्या. ओवीबरोबर तिचं नाव, माहेर-सासरचं गाव, ती ओवी तिला कुणाकडून आली, हेही बोलून घ्या. उतरवताना भाषा ‘सुधारू’ नका. न कळलेला शब्द लगेच विचारा. ती असताना विचारणं सोपं आहे. फाइल दोन ठिकाणी ठेवा, कारण नातवांचे मोबाइल दर दोन वर्षांनी बदलतात.

हे काम किती मोठं होऊ शकतं, याचा दाखला पुण्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर त्या वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. पिठाची गिरणी गावात आल्यावर बायकांचे कष्ट वाचले, ते उत्तमच झालं. पण त्या कष्टाला चिकटलेलं गाणं कुठे न्यायचं, हा प्रश्न कुणाच्या लक्षात आला नाही. या माणसांच्या आला.

९. पुढच्या महिन्यात लग्न आहे. सगळे तेच तेच उखाणे घेतात. स्वतःचा कसा करू?

चांदीचं ताट, रुप्याची वाटी, महादेवाची पिंडी ही सामग्री कपाटात ठेवा. उखाण्याला दोन ओळी, ठसठशीत यमक आणि मध्ये नाव एवढंच लागतं. तुमच्या दोघांतली एक खरी गोष्ट घ्या: कुठे भेटलात, कशावरून भांडता, कोण चहा चांगला करतं. त्या गोष्टीतला शेवटचा शब्द आधी ठरवा, त्याला जुळणारा शोधा आणि मग मागे मागे लिहीत या. नमुना:

दाराला कुलूप एक, किल्ल्या केल्या दोन,
उशीर झाला तर ___ आधी करतो फोन.

मोकळ्या जागी नाव घाला. नाव लांब असेल तर आधीचा शब्द कमी करा. ‘राव’ लावायचं की नाही, हे तुमच्या घरातल्या वातावरणावर आहे. आजेसासूबाई पहिल्या रांगेत असतील तर लावा, पुढे आयुष्य पडलंय. आणि नवऱ्यालाही एक घ्यायला लावा. तो ‘मला नाही येत’ म्हणेल. हेच उत्तर त्याला दाखवा.

१०. सर निवृत्त होताहेत, मानपत्र लिहायचं आहे. / आजोबांच्या शोकसभेत चार ओळी वाचायच्या आहेत.

दोन्ही प्रश्न सारखेच येतात आणि दोन्हींचा रोग एकच: ‘ज्ञानाचा अथांग महासागर’, ‘वटवृक्षाची छाया’. जो माणूस खुर्चीत बसून ऐकतो आहे (किंवा जो आता ऐकू शकत नाही), त्याचं एकही चिन्ह त्यात नसतं.

मानपत्रात तीन ठोस गोष्टी ठेवा: सरांची एखादी सवय, एखादं काम ज्यानं शाळेत फरक पडला आणि एखादं वाक्य जे ते नेहमी म्हणायचे. विद्यार्थी त्या वाक्यावर हसले की मानपत्र जमलं. पदव्या आणि तारखा सूत्रसंचालक वाचतोच.

शोकसभेत याहून कमी. एक प्रसंग, गद्यात, दोन मिनिटांत. कविताच हवी असेल तर लहान अभंगाच्या साच्यात (प्रश्न ५) चार-पाच जोड्या पुरतात. छंद पकडला की आवाज थरथरला तरी ओळ सावरते. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि आपलं वाचणं अर्धवट राहिलं तर पुढे कोण वाचेल ते आधी ठरवून ठेवा.

११. लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात. खरं आहे का, की नुसतं बोलायला?

अर्ध्याहून थोडं जास्त खरं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहिलं. काहींनी किरकोळ विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक अनुभवावर. क्लेशाबद्दल, त्यातल्या भावनांसकट लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. पण लिहिल्या-लिहिल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जडच झालं होतं. हा दुसरा भाग सांगायचं लोक विसरतात. नंतर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत परिणाम दिसला तो लहानच, आणि सगळ्यांना सारखा नाही.

यातून कामाचं काय घ्यावं? लिहून झाल्यावर रडू आलं तर काही बिघडलं असं समजू नका. मात्र तीच जखम रोज त्याच शब्दांत लिहिली जात असेल, लिहिल्यावर झोप उडत असेल, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. जगावंसंच वाटत नसेल तर कवितेच्या भरवशावर अजिबात राहू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

१२. सासूबाईंवर कविता लिहिली. नाव घातलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. घरात अबोला आहे.

नाव न घालणं हा बचाव घरात चालत नाही, तुमची सासू एकच आहे. लिहिण्याचा हक्क तुमचा आहे, प्रश्न दाखवण्याचा आहे. वहीत काहीही लिहा. गटावर टाकण्याआधी मात्र स्वतःला विचारा: ही ओळ त्या माणसासमोर बसून वाचेन का? नसेल वाचणार तर ती अजून वहीतलीच आहे.

काही गोष्टींत सूट नाही. कुणाचं आजारपण, गर्भपात, कर्ज, मोडलेलं लग्न हे तुमच्या कवितेचं सामान नाही, त्यांनी हो म्हटल्याशिवाय. पण तुमच्यावर अन्याय झाला असेल आणि त्याबद्दल तुम्ही लिहीत असाल तर ‘घरातलं घरात ठेव’ म्हणणाऱ्यांची परवानगी लागत नाही. हे दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

अबोल्याचं म्हणाल तर, त्यांच्यावर दुसरी कविता लिहून तो फुटणार नाही. चहा घेऊन जा.

१३. मुलाला कविता लिहायला कसं लावू? (नाशिकहून) / आमची मुलगी मराठी बोलते, पण देवनागरी वाचत नाही. (न्यू जर्सीहून)

लावू नका. शाळेच्या हस्तलिखितासाठी आईनं लिहिलेली आणि मुलानं नाव घातलेली कविता आम्ही पुष्कळ वाचली आहे. तिच्यात नेहमी ‘पर्यावरण वाचवा’ असतं.

मुलं आपणहून जे करतात ते पकडा. भोंडल्याच्या गाण्यात नव्या ओळी घालणं, खिरापत ओळखायला कोडी रचणं, मित्राला चिडवायची यमकं (फार दुष्ट नसतील तोवर): ही सगळी रचना आहे. ती कागदावर उतरवून घ्या आणि तारीख टाका, बस.

परदेशातल्या मुलांबाबत लिपीची सक्ती आधी नको. मुलीला बोलू दे, तुम्ही देवनागरीत लिहा आणि तिचंच वाक्य तिला वाचून दाखवा. दुसऱ्याचं पुस्तक वाचण्यापेक्षा स्वतःचं वाक्य ओळखण्याची ओढ जास्त असते, लिपी त्या निमित्तानं शिरते. मधे इंग्रजी शब्द आले तर येऊ देत, पुण्यातली मुलं तरी कुठे वेगळं बोलतात?

१४. मला कविता जमत नाही, पण लिहायचंय. चालेल?

चालेल म्हणजे काय! पत्र लिहा, घरातल्या स्वयंपाकाच्या वहीत कृतीबरोबर ती कुणी शिकवली ते लिहा, गावच्या जत्रेची आठवण लिहा. प्रश्न ३ मधल्या तीन नोंदी इथेही उपयोगी पडतात. कविता हा लेखनाचा वरचा वर्ग आहे आणि बाकीचं खालचे, असं काही नसतं.

१५. गटावर टाकलं की सगळे ‘वाह! अप्रतिम!’ म्हणतात. खरं कसं कळणार?

‘अप्रतिम’ म्हणजे पुष्कळदा ‘मी वाचलं नाही, पण तुमच्यावर राग नाही’. एका माणसाला गाठा आणि नेमकं विचारा: ‘कुठली ओळ आठवतेय? कुठे कंटाळा आला?’ दुसऱ्या दिवशी विचारलं तर आणखी चांगलं. जी ओळ रात्रभर टिकली ती ठेवा. सगळ्यांनी वेगवेगळ्या ओळी सांगितल्या तर खूश व्हा, कुणीच सांगितली नाही तर पुन्हा लिहा.

१६. माझी कविता माझं नाव काढून फॉरवर्ड होतेय. खाली भलत्याच कवीचं नाव आहे. काय करता येईल?

कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झालाच तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. शिवाय कलम ५७ नुसार ती कविता आपली आहे असं सांगण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, कॉपीराइट विकला तरी.

व्यवहारात मात्र फॉरवर्डच्या मागे धावून हाती फारसं लागत नाही. कविता टाकण्यापूर्वी तारखेसह स्वतःला ईमेल करा, चित्ररूपात टाकत असाल तर नाव ओळींच्या मधे बसवा म्हणजे कातरता येणार नाही. पुस्तकात, जाहिरातीत किंवा कार्यक्रमात कुणी पैसे कमावण्यासाठी वापरली असेल तर वकिलाची नोटीस पाठवणं योग्य.

उलटा प्रश्नही येतो: आजीची ओवी (प्रश्न ८) मी माझ्या नावावर छापू का? नाही. ‘आजीकडून ऐकलेली’ असं लिहा. तिलाही ती कुणाकडून तरीच आली असेल.

१७. प्रातिनिधिक कवितासंग्रहात निवड झाली असा मेसेज आला. हजार-दोन हजार रुपये, प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह. भरू का?

ज्या निवडीत आलेल्या सगळ्यांचीच निवड होते, ती निवड नव्हे, वर्गणी आहे. आपलं नाव छापील बघण्याचा आनंद हवा असेल आणि तेवढे पैसे सहज जात असतील तर भरा, त्यात लाज वाटायचं कारण नाही. पण तुमची कविता कुणीतरी पारखून घेतली, असं समजू नका.

भरण्याआधी विचारा: किती प्रती छापणार, मला किती मिळणार, पुस्तक दुकानात जाणार का, कवितेचा हक्क माझ्याकडेच राहणार ना? ‘आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे) वेगळे पैसे’ असं म्हणाले तर सावध व्हा, भारतात हा क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो.

पैसे न भरता जायच्या वाटाही आहेत. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि त्यांचे संपादक पावसाळ्यातच कविता मागवतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात नव्या कवींसाठी कविकट्टा असतो. आणि तुमच्या गावच्या वाचनालयात एखादी खुर्ची नक्कीच रिकामी असेल.

१८. एआयकडून कविता लिहून घेतली तर?

कशासाठी, त्यावर आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या फलकावर दोन ओळी हव्यात, तर घ्या. फक्त वाचून बघा, कारण ‘मांगल्याचा मंगलमय सोहळा’ असलं काहीतरी हमखास येतं. यमकाला शब्द अडला, अक्षरं मोजून हवीत, तरीही घ्या. मोजणी मात्र स्वतः पुन्हा करा, चुका होतात.

बायकोच्या पन्नाशीला, मित्राच्या वडिलांच्या जाण्यावर, लेकीच्या पाठवणीला मात्र स्वतः लिहा. तिथे ओळी चांगल्या असणं दुय्यम असतं. तुम्ही बसून त्यांचा विचार केलात, हेच समोरच्याला हवं असतं. स्पर्धेला पाठवताना नियम वाचा आणि मदत घेतली असेल तर तसं सांगा.

१९. आता उलटा त्रास आहे. घरात ‘कवी’ म्हणून नाव झालंय आणि प्रत्येक वाढदिवसाला, बारशाला, वास्तुशांतीला फर्माईश येते. नाही कसं म्हणू?

पहिल्या वर्षी कुणी नाही म्हणत नाही, तिथेच फसतं. दोन उपाय चालताना दिसले आहेत. एक, कच्चा माल त्यांच्याकडून मागा: ‘काकांच्या पाच खऱ्या गोष्टी लिहून पाठवा, मग करतो.’ निम्म्या फर्माईशी इथेच गळतात. ज्या उरतात त्यांच्या पाच गोष्टी इतक्या चांगल्या असतात की तुम्हालाच लिहावंसं वाटतं. दोन, चार ओळींच्या वर जायचं नाही, असा नियम करून तो जाहीर करा. वास्तुशांतीला जेवणाची पंगत बसायच्या आधी वाचून टाका. नंतर कुणी ऐकत नाही.